जुन्या श्रीमंत गाडीचा हिशेब

पाच-सहा वर्षे वापरलेली मर्सिडीज, ऑडी किंवा बीएमडब्ल्यू, आणि तीही त्या घराण्यांतील ऐसपैस थोरली नव्हे तर ए-क्लास, क्यू-थ्री, एक्स-वन अशी एखादी धाकटी, आज बाजारात नव्याकोऱ्या मध्यम गाडीच्या भावात उभी असलेली पाहून ज्याचे पाऊल क्षणभर अडखळले नाही असा नोकरदार गृहस्थ पुण्यात किंवा ठाण्यात सापडणे कठीण. आणि ज्याचे अडखळले त्याची ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ एवढे सांगून बोळवण करण्याची जी आपल्याकडची जुनी रीत आहे, ती मला तितकीशी न्याय्य वाटत नाही. उत्तम वस्तूची अभिलाषा हा काही चारित्र्याचा दोष नव्हे. द्रुतगती मार्गावर जी गाडी वाऱ्याने डोलत नाही आणि जिचे ब्रेक ओल्या घाटातही भरवशाचे वाटतात, ती आपल्या बायकामुलांसाठी असावी असे कोणाला वाटले तर त्यात दिखाऊपणा शोधण्याचे कारण नाही. आणि तो असलाच, तर लग्नाच्या मांडवात आपण त्याहून कितीतरी अधिक खपवून घेत असतो.

माझी हरकत निराळी आहे, आणि ती खरेदीवर नसून खरेदीच्या हिशेबावर आहे. गाडीची बाजारातली किंमत वयाबरोबर उतरत जाते. तिच्या सुट्या भागांची, तिला चालणाऱ्या तेलाची, टायरांची आणि तिचे पोट उघडून बसणाऱ्या कारागिराच्या वेळेची किंमत मात्र ती नवी असताना ज्या पायरीवर होती त्याच पायरीवर राहते, किंबहुना दरवर्षी थोडी वरच सरकते. समजा, ४० लाखांची गाडी सहाव्या वर्षी कोणी १६ लाखांना घेतली. सोसायटीच्या फाटकातून बाहेर काढताना तिचा पुढचा दिवा खांबाला लागला, तर त्याच्या जागी येणारा दिवा १६ लाखांच्या गाडीचा नसतो, ४० लाखांच्याच गाडीचा असतो. आणि आजच्या एलईडी दिव्यात काच निराळी, बल्ब निराळा असा प्रकार बहुधा उरलेला नसल्यामुळे तो अख्खाच्या अख्खा बदलावा लागतो. या तफावतीसोबत दुसरी एक गोष्ट येते: विकत घेतलेल्या गाडीचे पूर्वायुष्य विश्वासाने सांगेल असे कोणतेही सार्वजनिक दफ्तर आपल्याकडे या गृहस्थाला उपलब्ध नाही. पहिली अडचण त्याची त्याने ओळखावयाची आहे. दुसरी राज्यकर्त्यांनी दूर करावयाची आहे, आणि तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही म्हणून हा लेखनप्रपंच.

या गाड्यांचा आणि महाराष्ट्राचा संबंध तसा जवळचा आहे. १९९५ च्या सुमारास पिंपरी-चिंचवडमध्ये टेल्कोच्या आवारात मर्सिडीजची ई-क्लास जोडली जाऊ लागली, २००९ साली चाकणला त्या कंपनीचा स्वतःचा कारखाना उभा राहिला, आणि ऑडीच्या गाड्या औरंगाबादजवळ शेंद्र्याला जोडल्या जाऊ लागल्या. त्याच औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, ऑक्टोबर २०१० मध्ये तेथील उद्योजक-व्यावसायिकांनी एकजुटीने सुमारे ६५ कोटी रुपयांच्या १५० मर्सिडीज गाड्या एकदम घेतल्या तेव्हा सगळ्या देशाने भुवया उंचावल्या, आणि ट्रॅक्टर घेणाऱ्या शेतकऱ्यापेक्षा मर्सिडीज घेणाऱ्याला कर्ज स्वस्त का, असा रास्त प्रश्नही त्या निमित्ताने विचारला गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस बीएमडब्ल्यूची एक्स-वन आली, २०१२ मध्ये ऑडीची क्यू-थ्री, २०१३ मध्ये मर्सिडीजची ए-क्लास, २०१४ मध्ये ऑडीची ए-थ्री. वीस-पंचवीस लाखांच्या घरातल्या या गाड्यांनी श्रीमंती एक मजला खाली आणली. आज त्याच गाड्या आणि त्यांच्यामागून आलेल्या पिढ्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या शोधात आहेत.

त्यांची किंमत इतक्या झपाट्याने का उतरते, हे कोडे फारसे गहन नाही. विम्याच्या प्रचलित कोष्टकातच गाडीचे मोल दुसऱ्या वर्षी २० टक्के, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४० आणि पाचव्या वर्षी ५० टक्के घटवून धरले जाते. व्यवसायाच्या नावे घेतलेल्या गाडीवर आयकरात दरसाल १५ टक्के घसारा मिळतो, आणि अशा गाड्यांचा पहिला मालक बहुधा व्यावसायिक असल्यामुळे तीन-चार वर्षांत ती काढून नवी घेणे त्याला वावगे वाटत नाही. शिवाय २० लाखांवरील खासगी पेट्रोल गाडीवर १३ टक्के, डिझेलवर १५ टक्के आणि कंपनीच्या नावे असेल तर २० टक्के असा जो एकरकमी मोटार वाहन कर महाराष्ट्र सरकार घेते, तो पहिल्याने भरलेला असतो. दुसऱ्याला उरलेली वर्षे त्यावर फुकट चालवावयास मिळतात. त्यातच सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कराची पुनर्रचना होऊन, उपकरासह ४५ ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असलेला मोठ्या गाड्यांवरचा भार ४० टक्क्यांवर आला. (कंपनी या गाड्यांना कितीही लहान म्हणो, करखात्याच्या लेखी चार मीटरपलीकडची गाडी लहान नव्हे, आणि ए-क्लास सव्वाचार मीटरहून लांब आहे.) नव्या गाडीचा भाव उतरला की जुनीलाही खाली यावे लागते. या घटींतून दुसऱ्या मालकाच्या पदरात जो लाभ पडतो तो खराखुरा आहे, हे मी बिनशर्त कबूल करतो.

परंतु यंत्राला ही कोष्टके वाचता येत नाहीत. बीएमडब्ल्यूच्या पहिल्या पिढीतील एक्स-वनमध्ये आणि तिच्या अनेक सख्ख्या-चुलत भावंडांत जे ‘एन-४७’ नावाचे डिझेल इंजिन असे, त्याचे उदाहरण घेण्यासारखे आहे. इंजिनातील झडपांची उघडझाप नेमक्या क्षणी व्हावी म्हणून जी साखळी असते, ती बहुतेक इंजिनांत पुढच्या बाजूस, कारागिराचा हात पोहोचेल अशा ठिकाणी बसवलेली असते. या इंजिनात ती मागे, गिअरबॉक्सच्या अंगाला बसवली. इंजिन थंड असताना, गाडी जागीच उभी ठेवून ॲक्सिलरेटर किंचित दाबला आणि मागच्या बाजूने घासल्यासारखी खरखर ऐकू आली, तर ती साखळी किंवा तिचे मार्गदर्शक झिजल्याचे लक्षण समजावे. साखळी ही स्वतः काही फार मोलाची वस्तू नव्हे. परंतु तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी गिअरबॉक्स किंवा सबंध इंजिन खाली उतरवावे लागते, आणि ती चालत्या गाडीत तुटली तर झडपा आणि पिस्टन एकमेकांवर आदळून इंजिनच निकामी होऊ शकते. म्हणून अशी गाडी पाहावयास जाताना विक्रेत्याला आदल्या दिवशी निरोप धाडून ‘आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका’ असे सांगणे, आणि पोहोचल्यावर प्रथम बॉनेटवर तळहात ठेवून ते खरोखर गार आहे का हे पाहणे, यात कोणताही असभ्यपणा नाही. बॉनेट कोमट लागले तर दुसऱ्या दिवशी यावे.

दोन क्लचच्या स्वयंचलित गिअरबॉक्सचे तसेच आहे. ऑडीच्या धाकट्या पेट्रोल गाड्यांत कोरड्या क्लचचा जो सात गतींचा गिअरबॉक्स येत असे, त्याला मोकळ्या रस्त्यावर तोड नाही. सायंकाळच्या चांदणी चौकात मात्र तासभर इंचाइंचाने सरकताना त्याचे क्लच तापतात आणि झिजतात, आणि क्लचला हुकूम देणारा जो विद्युत्-जलदाब यंत्रणेचा ठोकळा, ज्याला गॅरेजात ‘मेकाट्रॉनिक’ म्हणतात, तो बिघडला तर बिल लाखाच्या भाषेत बोलू लागते. अशा गाडीची परीक्षा वेगात करू नये. चढावर, ब्रेकवरून पाय उचलून, ती किती सावकाश आणि किती न थरथरता सरकते ते पाहावे. बऱ्याच बीएमडब्ल्यू गाड्यांना हवा गेल्यावरही ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने आणखी सुमारे ८० किलोमीटर जाऊ शकणारे टायर असतात आणि म्हणून डिकीत जादा चाक नसते. ही सोय जर्मनीतल्या रस्त्यांवर मोठी खरी, परंतु परभणीकडे जाताना कडेच्या पंक्चरवाल्याने त्या टायरला हात लावण्यास नकार दिला की तिचे स्वरूप पालटते. उलट, एक दिलासाही आहे, जो दलाल क्वचितच सांगतो: ए-थ्री आणि त्या काळची स्कोडा ऑक्टेव्हिया या एकाच सांगाड्यावर घडलेल्या बहिणी असल्यामुळे कित्येक भाग दोघींना सारखेच चालतात, आणि हे ज्याला ठाऊक आहे असा कारागीर गाठीशी असणे हे पाच वर्षांच्या वाढीव हमीहून कमी मोलाचे नाही.

असा कारागीर सहजासहजी सापडत नाही, हा त्याचा दोष नव्हे. अस्सल सुटे भाग, दुरुस्तीच्या पुस्तिका आणि गाडीतील संगणकाशी बोलणारी उपकरणे आपल्या अधिकृत विक्रेत्यांपुरतीच ठेवून बाहेरच्या गॅरेजांची कोंडी केल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्या चौदांत मर्सिडीज-बेन्झ, बीएमडब्ल्यू, स्कोडा आणि फोक्सवॅगन यांची नावे होती. दंडाच्या रकमेवरून पुढे अपिले झाली, ते सोडा. हे भाग आणि ही उपकरणे स्वतंत्र गॅरेजांना खुल्या बाजारात मिळावीत हा जो त्या आदेशाचा गाभा, तो जितक्या अंशाने अमलात येईल तितक्या अंशाने सहा वर्षांच्या गाडीचा खर्च माणसात येईल. तोवर मुंबईत कुर्ल्याच्या भंगार बाजारातून एखाद्या अपघातग्रस्त गाडीचा शाबूत भाग शोधून आणणारे जे लोक आहेत, तेच या मध्यमवर्गीय श्रीमंतीचे खरे आधारस्तंभ, असे मी गमतीने म्हणत नाही.

आता कागद. नोंदणी प्रमाणपत्र हे गाडीचा सातबारा आहे असे समजून ते वाचावे, कारण जमिनीप्रमाणेच येथेही बोजा चढलेला असतो आणि कर्ज फिटले म्हणून तो आपोआप उतरत नाही. बँकेचा ना-हरकत दाखला आणि नमुना ३५ परिवहन कार्यालयात दाखल होऊन नोंद निघेपर्यंत गाडी कागदोपत्री गहाणच असते. मालकी बदलण्यासाठी नमुने २९ आणि ३० लागतात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत खबर द्यावयाची असते. तथापि कोऱ्या नमुन्यांवर सह्या घेऊन गाडी हातोहात फिरवीत राहण्याची चाल आपल्याकडे इतकी रूढ आहे की नोंदीतला मालक आणि गाडीत बसलेला मालक यांच्यात चार-चार इसम असावेत. नेमक्या अशा प्रकरणात, गाडी केव्हाच विकून मोकळ्या झालेल्या परंतु नोंदीत नाव राहिलेल्या गृहस्थावरच अपघाताच्या भरपाईची जबाबदारी येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला. घेणाऱ्यापेक्षा विकणाऱ्याने तो अधिक लक्षात ठेवावा. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांनी परिवहन कार्यालयाकडून अधिकृत होण्याचे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले आहेत. तेव्हा विसार देण्यापूर्वी व्यापाऱ्याकडे ते प्राधिकारपत्र मागावे, आणि तो त्याच्या नफ्यावरचा १८ टक्के कर तुमच्या माथी सबंध किमतीवर लावत नाही ना, तेही पाहावे. विम्याच्या हप्त्यातली ‘नो क्लेम’ची सूट माणसाची असते, गाडीची नसते, ती विकणाऱ्याबरोबर जाते. दिल्लीहून स्वस्तात आलेल्या दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांचे आकर्षण ज्यांना आहे, त्यांनी इकडचा कर नव्याने भरण्याची आणि नव्या नोंदणीसाठी खेटे घालण्याची तजवीज आधी करावी. मी तो मार्ग कोणालाही सुचवणार नाही.

आणि मग गाडीचे पूर्वायुष्य. विक्रीच्या आवारात उभी असलेली प्रत्येक गाडी एकाच मालकाची असते, तो मालक बहुधा डॉक्टर असतो आणि गाडी घर ते दवाखाना एवढीच फिरलेली असते. टायरांना काळी चकाकी दिलेली, आत लिंबाचा सुगंध मारलेला. या मखलाशीला उत्तर गाडीच्याच अंगावर लिहिलेले असते. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे तो कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी घडला ते सांगतात. सगळ्या काचांच्या कोपऱ्यांत उत्पादनाच्या खुणा असतात. पाच काचा एका वर्षाच्या आणि सहावी तीन वर्षांनंतरची असेल तर त्या बाजूला काय घडले ते विचारावे. आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून त्याचे एरवी कधीच बाहेर न येणारे टोक पाहावे: २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत किंवा २०२१ मध्ये चिपळुणात जी गाडी पाण्यात उभी होती, तिचे गालिचे बदललेले असतील, पण पट्ट्याच्या त्या टोकावर चिखलाची रेघ राहून जाते.

किलोमीटरचा आकडा मात्र अशा निरीक्षणाला दाद देत नाही. अंकीय मीटर मागे फिरवणे हे आज तारा जोडून थोड्या वेळात उरकण्याचे काम आहे. आणि आपल्या कायद्याची रचना अशी की खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी एकदम होते व त्या मुदतीत सरकारचा कोणताही अधिकारी तिच्या मीटरकडे पाहत नाही. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरसाल तपासणी होते, त्या दिवशीचा मीटरचा आकडा नोंदवला जातो आणि कोणीही नुसत्या नंबरावरून तो इतिहास विनामूल्य पाहू शकतो. बेल्जियममध्ये तर २००६ पासून प्रत्येक गॅरेजने आकडा कळवावयाचा आणि विकणाऱ्याने त्या आकड्यांचा दाखला घेणाऱ्याच्या हाती ठेवावयाचा, असा दंडकच आहे. पुढे २००१ साली नोबेल पारितोषिकाचे मानकरी झालेले अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींचाच बाजार समोर ठेवून दाखवले होते की घेणाऱ्याला बरे-वाईट ओळखता येत नसेल तर तो सरासरी भावच देतो, तो भाव चांगल्या गाडीच्या मालकाला परवडत नाही म्हणून तो बाजारातून निघून जातो आणि मागे सदोष गाड्यांचे प्रमाण वाढत जाते. म्हणजे ज्याने आपली क्यू-थ्री खरोखरच जपून वापरली, बिले जपून ठेवली, त्याचेही या अंधारात नुकसानच आहे.

आपल्याकडे याला नवे खाते उघडावे लागणार नाही. प्रदूषण तपासणीच्या केंद्रावर गाडी दरसाल जातेच. तेथला मुलगा पाटीसह तिचे छायाचित्र काढून ‘वाहन’च्या संगणकावर चढवतोच. त्याच वेळी मीटरचेही एक छायाचित्र घ्यावे, विम्याच्या नूतनीकरणाच्या वेळी कंपनीने आकडा नोंदवावा, आणि ती रांग नंबर टाकणाऱ्या कोणासही दिसावी, एवढी दुरुस्ती केंद्रीय मोटार वाहन नियमांत केली की १५ वर्षांची पोकळी भरून निघते. अशी दुरुस्ती होत नाही तोवर घेणाऱ्याने अधिकृत कार्यशाळेकडचा सेवेचा इतिहास मालकाच्या संमतीने मागवावा आणि तो हाती आल्याखेरीज विसार देऊ नये. गाडीच्या किमतीचा निदान दहावा हिस्सा पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी वेगळा काढून ठेवावा, आणि तो काढल्यावर हप्ता झेपत नसेल तर त्याच पैशांत नवी मध्यम गाडी घ्यावी. बिले हरवली असे विक्रेता म्हणाला, तर मीटरवरचा आकडा दुप्पट धरून भाव बोलावा. तो चिडला तर शेजारच्या आवारात आणखी एक डॉक्टरांची गाडी उभी असतेच.